पावतीतली चूक : हक्क कुठपर्यंत आणि हाव कुठून?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी नेहमी जाते त्या किराणा सुपरमार्केटात असा नियम आहे की, रॅकवर लिहिलेल्या किमतीपेक्षा काउंटरवर जास्त पैसे लागले तर ती वस्तू फुकट मिळते. गेल्या वर्षभरात मी अशा वीसएक चुका पकडल्या. सुरुवातीला घरी येऊन पावती तपासताना चूक सापडायची. आता चुकीची किंमतपट्टी मला रॅकजवळच ओळखू येते. मागच्या महिन्यात कपडे धुण्याच्या पावडरीच्या एका पुड्याला जास्त पैसे लागले, म्हणून तो मी फुकट मिळवला. आठ दिवसांनी पाहते तर पट्टी तशीच होती. मी पुन्हा एक पुडा घेतला आणि मुलाला दुसऱ्या काउंटरवर पाठवून आणखी एक घ्यायला लावला. दोन्ही फुकट मिळाले, पण मदत-काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही, आणि तिचे ते गप्प राहणे मला लागले. हे म्हणतात की, चार पैशांसाठी आपण चारचौघांत शोभा करून घेत आहोत. मी म्हणते की, नियम त्यांनीच केला आहे. आणखी एक गोष्ट मी घरात कोणालाच सांगितलेली नाही. गेल्या आठवड्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन डबे घेतले आणि पावतीवर एकाचीच नोंद निघाली. मी परत गेले नाही. मी हक्क मागते आहे की हाव करते आहे?

– संभ्रमात पडलेली एक ग्राहक

उत्तर

प्रिय ताई,

साबणाच्या डब्याची गोष्ट तुम्ही घरात सांगितली नाहीत, पण पत्रात लिहिलीत, याचा अर्थ तिचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालतो. तरीही तिच्याकडे मी शेवटी येईन, कारण बाकीच्या गोष्टींचा उलगडा झाल्याशिवाय ती नीट कळणार नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या वीसएक चुकांचे पैसे तुम्ही मागितलेत ते योग्यच केलेत, आणि त्याबद्दल मान खाली घालण्याचे कारण नाही. आठ दिवसांनी घेतलेल्या पुड्याबद्दल माझे मत एका अटीवर अवलंबून आहे. मुलाला दुसऱ्या काउंटरवर पाठवलेत ते मात्र चुकले.

चूक कशी होते हे आधी पाहू, कारण ग्राहकाला वाटते त्याहून ती बहुतेक वेळा वेगळ्या जागी असते. वस्तूवरच्या बारकोडमध्ये सहसा किंमत नसते. त्यात फक्त एक क्रमांक असतो, बहुतेक ठिकाणी तेरा आकडी, आणि त्यातला शेवटचा आकडा आधीचे आकडे बरोबर वाचले गेले की नाही हे ताडून पाहण्यापुरता असतो. स्कॅनर तो क्रमांक वाचतो आणि दुकानाच्या संगणकातल्या यादीत त्या क्रमांकापुढे जी किंमत असेल ती उचलतो. म्हणजे एकाच वस्तूची किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते, एकदा रॅकवरच्या कागदी पट्टीवर आणि एकदा संगणकात, आणि या दोन्ही जागा वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या वेळी बदलतात. ऑफरची मुदत मध्यरात्री संपली की संगणकातली किंमत आपोआप बदलते. पट्टी मात्र सकाळी कोणीतरी हाताने काढावी लागते, आणि त्या सकाळी दोन माणसे कामावर आली नसतील, तर ती दुपारपर्यंत, कधी आठवडाभर, तशीच राहते. कधी उलटे घडते : नवी पट्टी लागते, पण संगणकातली नोंद बदलायची राहते. याशिवाय माल चुकीच्या खणात रचला जाणे, एकच वस्तू दोनदा स्कॅन होणे, सुट्या मालाचा क्रमांक हाताने टाकताना चुकणे, वजन करताना पिशवीचे किंवा डब्याचे वजन वजा न करणे, हे सगळे रोज घडणारे प्रकार आहेत. यातल्या बहुतेक चुका लबाडीच्या नसतात. तरीही खिशातून गेलेले पैसे तेवढेच असतात, आणि चूक जाणूनबुजून केलेली नव्हती म्हणून ती दुरुस्त करण्याची दुकानाची जबाबदारी कमी होत नाही.

आता तुमच्या नियमाकडे येतो. तो दुकानाने दया म्हणून केलेला आहे असे तुमच्या यजमानांना वाटत असावे, आणि तुम्हालाही मनात कुठेतरी तसेच वाटत असावे. अशा नियमांमागे एक जुना सौदा आहे, तो समजून घेण्यासारखा आहे. 26 जून 1974 रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ट्रॉय या गावी एका सुपरमार्केटात बारकोड असलेली वस्तू पहिल्यांदा स्कॅन करून विकली गेली. त्याआधी प्रत्येक वस्तूवर किमतीचे लेबल चिकटवलेले असे. ते वेळखाऊ काम होते, पण ग्राहकाच्या हातात पुरावा असे. वस्तू घरी नेल्यावरही लेबल आणि पावती शेजारी ठेवून पाहता येत असे. स्कॅनर आल्यावर दुकानदारांना ही लेबले नकोशी झाली आणि ग्राहकांना ती हवीशी वाटू लागली. मिशिगन राज्याने 1976 साली कायदा करून वस्तूंवर किंमत चिकटवणे बंधनकारक केले. 2011 साली तो कायदा रद्द झाला आणि दुकानांना फक्त रॅकवर किंमत दाखवण्याची मुभा मिळाली, पण चुकीची भरपाई नव्या कायद्यातही ठेवली गेली : काउंटरवर जास्त पैसे घेतले गेले आणि ग्राहकाने 30 दिवसांच्या आत तसे सांगितले, तर दुकानाने फरकाची रक्कम परत करायची आणि शिवाय फरकाच्या दहापट, परंतु कमीत कमी 1 आणि जास्तीत जास्त 5 डॉलर, इतकी रक्कम द्यायची. कॅनडात 2002 पासून किरकोळ विक्रेत्यांनी स्वेच्छेने स्वीकारलेली एक संहिता आहे; तिच्यात सामील असलेल्या दुकानांत 10 डॉलरपर्यंतची वस्तू अशा वेळी फुकट दिली जाते आणि त्याहून महाग वस्तूवर 10 डॉलर सूट मिळते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, किंमत तपासण्याचे जे काम पूर्वी लेबल आणि कर्मचारी यांच्यावर होते, ते आता पुष्कळ अंशी तुमच्यावर येऊन पडले आहे. वस्तूंवर लेबले न चिकटवल्यामुळे दुकानाचा मजुरीचा खर्च वाचतो. त्या बचतीचा एक छोटा वाटा चूक दाखवून देणाऱ्याला मिळावा, ही या नियमांमागची भूमिका मला पटते. तेव्हा तुम्हाला जे मिळते ते नीट दोन भागांत वेगळे करून पाहा. किमतीतला फरक तुमचाच पैसा आहे. तो परत घेताना कोणाचे उपकार होत नाहीत. त्यापलीकडे मिळणारी वस्तू किंवा रक्कम म्हणजे चूक कळवल्याचा मोबदला आहे. पहिल्या भागाला कसलीच अट नाही. दुसऱ्या भागाला एक अट आहे, आणि ती नियमाच्या पाटीवर लिहिलेली नसली तरी त्या मोबदल्याच्या पोटातच आहे : चूक खरोखर कळवली गेली पाहिजे, म्हणजे ती दुरुस्त व्हावी इतपत स्पष्टपणे सांगितली गेली पाहिजे.

ही अट मला इतकी महत्त्वाची का वाटते? तुम्हाला पावडरीच्या पुड्याचे जास्तीचे पैसे लागले तेव्हा ते एकट्या तुम्हाला लागले नाहीत. ती पट्टी आठ दिवस तशीच होती. समजा, दिवसाला चाळीस पुडे विकले जात असतील, तर आठ दिवसांत तीनशेवीस वेळा तोच जादा आकार घेतला गेला, आणि त्यातला एखाद-दुसराच ग्राहक परत आला. उरलेल्यांत कोण होते याचा विचार करा. कडेवर मूल घेऊन रांगेत उभी असलेली बाई, चष्मा घरी विसरलेले आजोबा, अक्षरओळख जेमतेम असलेला माणूस, महिनाअखेरीस पैसे मोजून आणलेला विद्यार्थी. पावती तपासायला वेळ लागतो, नजर लागते, आणि काउंटरवर जाऊन बोलायला थोडा धीटपणाही लागतो. ज्यांच्याकडे या तिन्ही गोष्टी नसतात त्यांच्याकडूनच जास्तीचे पैसे सर्वाधिक वेळा जातात आणि परत येत नाहीत. तुमच्याकडे या तिन्ही आहेत. तुमची तक्रार जर फक्त तुमचा पुडा फुकट होण्यापाशी थांबली, तर दुकानाने एका पुड्याची किंमत देऊन उरलेल्या तीनशे जणांचे पैसे ठेवून घेतले असा त्याचा अर्थ होतो, आणि नकळत तुम्ही त्या व्यवहारात सामील होता. हे वाक्य कठोर आहे हे मला कळते. पण तुम्ही प्रामाणिकपणे विचारले आहे, म्हणून मीही स्पष्ट लिहितो.

माझा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मला जास्तीचे पैसे लागले, म्हणून मी काउंटरवर सांगितले. तिथल्या बाईंनी मुकाट्याने फरक परत केला आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारली. मी निघालो, दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्यांना म्हणालो, “पट्टी काढून टाकायची का? मी दाखवतो कुठे आहे.” त्या माझ्याबरोबर आल्या. नखाने पट्टीचा कोपरा उचलला, तर तिच्या खाली दुसरी पट्टी होती आणि त्या दुसरीखाली तिसरी, तिन्हींवर वेगवेगळ्या किमती आणि खालच्या दोन्हींवर बारीक अक्षरांत कधीच उलटून गेलेल्या तारखा. वरची पट्टी ऑफर संपल्यावर काढायची राहिली होती. त्या बाईंनी तिन्ही पट्ट्या सोलून काढल्या, एप्रनच्या खिशात घातल्या आणि म्हणाल्या, “सकाळपासून चार जण भांडून गेले, पण नेमकी कुठली पट्टी ते कोणी सांगितले नाही.” त्या चौघांना पैसे परत मिळाले होते. पाचव्याला भांडावे लागले नाही ते त्या पट्ट्या निघाल्या म्हणून.

आता तुमचा दुसऱ्या आठवड्यातला पुडा. पहिल्या वेळी तुम्ही मदत-काउंटरवर नुसती पावती पुढे केली असेल आणि फुकट पुडा घेऊन बाहेर पडला असाल, तर दुसऱ्या वेळी तीच पट्टी पाहून तुम्हाला जो आनंद झाला असेल तो तपासून पाहा. पहिल्या वेळी तुम्ही स्पष्ट सांगितले असेल की, अमुक रॅकवरची पट्टी चुकीची आहे, ती बदला, आणि तरीही आठ दिवसांत ती बदलली नसेल, तर चूक पूर्णपणे दुकानाची आहे आणि दुसरा पुडा तुम्ही निःशंक मनाने घेऊ शकता; किंबहुना, त्यांना दुसऱ्यांदा झळ बसल्याशिवाय पट्टी हलणार नाही असेही होऊ शकते. माझी अट इतकीच होती. तुम्ही काय केलेत हे पत्रात नाही. ते तुम्हाला माहीत आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र माझ्या मनात संदेह नाही. एकच चूक, एकाच वेळी, दोन काउंटरवर दोन माणसांनी वेगवेगळी सापडल्यासारखी दाखवणे म्हणजे एका निरोपाचे दोनदा पैसे घेणे आहे. असे नियम करणाऱ्यांनी याचा विचार आधीच केलेला दिसतो : कॅनडाच्या संहितेत एकसारख्या अनेक वस्तू घेतल्या तर पहिलीच फुकट मिळते आणि बाकीच्या योग्य किमतीला दिल्या जातात, मिशिगनमध्येही एका खरेदीतल्या एकसारख्या वस्तूंवर फरक प्रत्येकीचा परत मिळतो, पण वरची रक्कम एकदाच. मोबदला चुकीवर आहे, पुड्यांच्या संख्येवर नाही. मुलाला वेगळ्या काउंटरवर पाठवताना तुम्ही हाच भेद लपवत होता. आणि त्याहून जास्त मला हे खटकते की, मुलाला तुम्ही त्या दिवशी एक गोष्ट शिकवलीत जी तुम्हाला शिकवायची नव्हती. त्याच्याशी एकदा बोला. “मी त्या दिवशी चुकले” इतके आईच्या तोंडून ऐकणे मुलाला बस होते. लांबण लावण्याची गरज नाही.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो तुमच्या पत्रात आहे. चुकीची पट्टी रॅकजवळच ओळखू आल्यावर गप्प राहून पैसे भरायचे आणि मग मागणी करायची, हे योग्य आहे का? यावर मी बराच विचार केला. पट्टी चुकीची आहे असा संशय येणे आणि तसे कळणे यात फरक आहे, कारण संगणकात कोणती किंमत आहे हे स्कॅन होईपर्यंत तुम्हाला कळत नाही. त्यामुळे वस्तू उचलून काउंटरवर नेण्यात काहीच गैर नाही. पण पडद्यावर आकडा उमटला की संशय संपतो. जिथे नियम काउंटरवरच लागू होतो तिथे त्याच क्षणी बोलावे. जिथे व्यवहार पूर्ण होऊन पावती हातात आल्यावरच मोबदला मिळतो, तिथे पावती घ्यावी आणि दाराबाहेर न जाता तिथल्या तिथे सांगावे. चुका हुडकत रॅकांमधून फिरणारा ग्राहक मला लोभी वाटत नाही. निरीक्षकाचे काम तो विनापगार करत असतो आणि त्याला त्याबद्दल काही मिळाले तर ते त्याने कमावलेले असते. सापडलेली चूक पुढच्या फेरीसाठी शिल्लक ठेवणारा ग्राहक मात्र निरीक्षक राहत नाही. त्याचा फायदा आता चूक टिकून राहण्यात असतो.

बोलण्याआधी आपले वाचन मात्र पक्के करून घ्यावे, कारण आपलीच चूक असताना समोरच्याला आरोपीसारखे उभे करणे फार वाईट. पट्टीवर सहसा दोन आकडे असतात, एक वस्तूची किंमत आणि दुसरा किलोमागे किंवा लिटरमागे पडणारा दर. घाईत हे दोन्ही एकमेकांच्या जागी वाचले जातात. ऑफर एकाच वजनाच्या पुड्याला असते आणि शेजारचा मोठा पुडा तिच्यात बसत नाही. कधी दोन घेतल्यावरच कमी दर लागतो. खात्री करण्याचा एक सोपा मार्ग आहे : अनेक दुकानांच्या पट्टीवर वस्तूचा क्रमांक छापलेला असतो, त्याचे शेवटचे चार-पाच आकडे पुड्यावरच्या बारकोडखालच्या आकड्यांशी जुळवून पाहा. जुळले नाहीत, तर ती पट्टी त्या पुड्याची नाहीच, माल भलत्या खणात ठेवला गेला आहे. हेही सांगण्याजोगे आहे, पण ते वेगळ्या सुरात. पट्टीचा फोटो काढून ठेवलात तर पुढचे बोलणे दोन वाक्यांत आटोपते.

आणि सूर कोणापुढे लावायचा याचेही भान हवे. मदत-काउंटरवरच्या त्या मुलीने किंमत ठरवलेली नाही, पट्टी लावलेली नाही आणि फुकट देण्याचा नियमही केलेला नाही. तिचे गप्प राहणे म्हणजे तुमच्याबद्दलचे मत असेलच असे नाही; दिवसभर उभे राहून, दुसऱ्यांच्या चुकांबद्दल बोलणी ऐकून माणूस असाच गप्प होतो. पण तुम्ही आणि तुमचा मुलगा एकामागोमाग एक आलात हे तिला दिसले असेल तर तिने काय समजावे? भरपाई तिच्या पगारातून कापली जात नाही ना, हे एकदा विचारून घ्या. नियम लिहून लावलेल्या दुकानात सहसा तसे नसते, पण गल्ल्यात तूट आली की ती कर्मचाऱ्यावर टाकणारे मालकही असतात, आणि तसे असेल तर तुमची तक्रार तिच्याकडे न नेता थेट मॅनेजरकडे न्यावी. दुकानाचा हलगर्जीपणा दुकानाच्या खिशाला लागला पाहिजे, तिच्या नाही.

आता साबणाचा डबा. “ते कधी माझ्याकडून जास्त घेतात, कधी कमी, शेवटी सारखेच होते,” असा हिशेब मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1996 साली इतर सरकारी यंत्रणांबरोबर केलेल्या तपासणीत स्कॅन झालेल्या वस्तूंपैकी 4.82 टक्के वस्तूंच्या किमती चुकीच्या निघाल्या, आणि त्यात 2.24 टक्के वस्तूंना जास्त तर 2.58 टक्के वस्तूंना कमी पैसे लागले होते. 1998 सालच्या दुसऱ्या तपासणीत चुकांचे प्रमाण उतरून साधारण दर 30 वस्तूंमागे एक इतके झाले. तिथले तपासनीस ज्या पद्धतीने दुकाने तपासतात तिच्यात 100 पैकी किमान 98 किमती बरोबर असाव्यात अशी अपेक्षा असते, आणि उरलेल्या चुकांमध्ये जास्त घेतलेल्यांचे पारडे जड आहे का हेही पाहिले जाते. म्हणजे चुका दोन्ही बाजूंना होतात हे खरे. पण दोन्ही बाजू सारख्या आहेत म्हणून गप्प राहायचे, तर दोन्ही वेळा गप्प राहायला हवे होते. तुम्ही वीस वेळा तुमच्या बाजूची चूक भरून घेतली आहे, नियमाप्रमाणे वर काही घेतलेही आहे, आणि एकविसाव्या वेळी चूक दुसऱ्या बाजूला झाली तेव्हा तुम्हाला सरासरी आठवली. हे चालणार नाही.

इथे एक बारकावा मात्र तुमच्या बाजूने नोंदवतो. कमी पैसे लागण्याचे दोन प्रकार आहेत. संगणकातलीच किंमत पट्टीपेक्षा कमी असेल, तर ती दुकानाने स्वतः नोंदवलेली किंमत आहे. तुम्ही एकदा लक्षात आणून द्यावे, आणि ते “असू द्या” म्हणाले तर निःशंकपणे घरी यावे. पण वस्तू स्कॅनच झाली नसेल, तर तिथे कमी किंमत असा प्रकारच नसतो. त्या डब्याचा सौदा झालेला नाही. तो तुमच्या ओट्याखाली आहे, इतकेच. पहिल्या प्रकारात गप्प राहणाऱ्याला मी फार बोल लावणार नाही. दुसऱ्या प्रकारात, लक्षात आल्यानंतर गप्प राहणे मला पटत नाही.

तेव्हा पुढच्या खेपेला जाताना ती पावती बरोबर घ्या. डबा नेण्याची गरज नाही. पावतीवर एक नोंद आहे आणि तुमच्याकडे डबे दोन आहेत, इतके सांगून दुसऱ्याचे पैसे भरा आणि त्याची वेगळी पावती मागून घ्या. रांगेत सांगू नका, मदत-काउंटरवर सांगा, म्हणजे काउंटरवर बसलेल्या माणसाचा चारचौघांत पाणउतारा होणार नाही. मुलाने फुकट आणलेल्या पुड्याचे काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर त्याचेही पैसे, पट्टीवर होती त्या किमतीने, त्याच वेळी भरून टाका. ते घ्यायला नाही म्हणाले, तर आग्रह धरू नका. आणि ती पट्टी अजून तिथे असेल, तर त्या मुलीला बरोबर घेऊन रॅकपाशी जा.

तुमच्या यजमानांना इतके जरूर सांगा की, पैसे परत मागण्यात शोभा होत नाही आणि ते मागणे तुम्ही थांबवणार नाही. त्यांना या खेपेला बरोबर नेता आले तर न्या; डब्याचे पैसे भरताना ते शेजारी उभे असू देत. तुम्ही पुढे एखादी चूक पकडलीत तर निदान त्यांना तिथे उभे राहायला अवघड वाटणार नाही.

आपला,
सल्लागार